वरिष्ठांशी असहमती: भर बैठकीत की आधी एकट्यात?

वरिष्ठांचा निर्णय चुकतोय असं वाटलं, तर ते सगळ्यांसमोर बोलावं की आधी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन?

एकट्यात बोलण्याचा मोठा फायदा म्हणजे वरिष्ठाला माघार घ्यायला जागा राहते. चारचौघांत मत बदलणं म्हणजे हार पत्करणं, असं अधिकाराच्या खुर्चीतल्या अनेकांना वाटतं. बंद दाराआड तोच माणूस आकडे नीट पाहतो, प्रश्न विचारतो. पण तिथे साक्षीदार नसतो. मुद्दा बाजूला पडला तर कोणाला कळतही नाही, आणि स्वीकारला गेला तर श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतं. म्हणून भेटीनंतर दोन ओळींचा ईमेल जरूर पाठवावा.

बैठकीत बोलण्याची जोखीम उघड आहे, तरी त्याची ताकद कमी लेखू नये. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखताना बाकीचा गट ठरवून चुकीचं उत्तर देई, तेव्हा हे ठाऊक नसलेल्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटामागे वाहवत गेली. गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे प्रमाण झपाट्याने घसरे. पहिला विरोधी आवाज गप्प बसलेल्यांना असाच आधार देतो.

माझं मत: आधी एकट्यात. मात्र प्रश्न लोकांच्या सुरक्षिततेचा किंवा पैशांच्या गैरव्यवहाराचा असेल आणि सांगूनही दखल घेतली गेली नसेल, तर बैठकीतच बोलावं, इतिवृत्तात नोंद करायला लावावी. त्याआधी एखाद्या सहकाऱ्याला विश्वासात घ्या. दुसरा आवाज लगेच उठला तर विषय गुंडाळणं अवघड जातं.