मोफत पार्श्वभूमी-पॅटर्न : देवनागरी मजकुराखाली ठेवून पाहिल्यावर

नागपूरच्या गांधीबागेतील एका साडीविक्रेत्याच्या वेबसाइटचे काम गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. पानामागे कोरा पांढरा रंग नको, कापडाचा पोत जाणवला पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. त्यानिमित्ताने मोफत पॅटर्न आणि टेक्श्चर देणारी काही ठिकाणे मी बारकाईने वापरून पाहिली. या साइटवर पॅटर्न बहुधा रिकामे किंवा इंग्रजी मजकुराखाली दाखवलेले असतात. मी मात्र प्रत्येकावर करवतकाठी (काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेल्या) टसर रेशमी साडीची माहिती देणारा एकच मराठी परिच्छेद ठेवला, आणि तिथेच निम्मे पॅटर्न बाद झाले.

आडव्या बारीक रेघांचा पॅटर्न शिरोरेषेशी भांडतो, तर ठिपक्यांच्या पॅटर्नवर अनुस्वार हरवतो. ‘काठ’ आणि ‘कांठ’ यांतला फरक फोनवर कळेनासा होतो. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर, सांगितला आहे. गडद अक्षरे असतील तर तो पॅटर्नच्या सर्वांत गडद ठिकाणाशी मोजावा, सरासरी रंगाशी नव्हे.

या कसोटीवर मला हीरो पॅटर्न्स सर्वांत उपयोगी वाटले. स्टीव्ह शोगर यांच्या या संग्रहात पुढचा रंग, मागचा रंग आणि अपारदर्शकता ठरवली की तयार सीएसएस (पानाचे रूप ठरवणारा कोड) मिळते. पॅटर्न एसव्हीजी या कितीही मोठे केले तरी रेखीव राहणाऱ्या चित्रस्वरूपात त्या कोडमध्येच गुंफलेला असल्याने वेगळी फाइल मागवावी लागत नाही आणि दाट पिक्सेलच्या पडद्यावरही तो धूसर होत नाही. त्यातील ‘झिग झॅग’ करवतीच्या दात्यांची आठवण करून देतो. तो पूर्ण पानभर न पसरता वरच्या पट्टीत काठासारखा वापरला, कारण करवत काठावरच शोभते.

कापडी पोतासाठी ट्रान्सपरंट टेक्श्चर्स बरे. तेथील टाइल (शेजारी शेजारी जोडून पान भरणारा चित्राचा तुकडा) पारदर्शक पीएनजी चित्र असल्याने खालचा रंग आपल्या हाती राहतो. मालकांनी हळदी रंगावरून मोतिया रंगावर उडी मारली, तेव्हा एक ओळ बदलून काम भागले. पॉली हेवन आणि अँबियंट सीजी येथील टेक्श्चर सीसी 0 परवान्याखाली, म्हणजे श्रेय न देताही वापरता येण्याजोगी आहेत, परंतु ती मुळात त्रिमितीय कामासाठी असल्याने आकार कमी केल्याशिवाय वेबवर वापरू नयेत.

फसगत झाली ती एका वेगळ्याच, नाव न घेण्याजोग्या साइटवर. ‘सीमलेस’ (जोड न दिसणारे) म्हणून घेतलेले लिननचे टेक्श्चर फोनवर निर्दोष दिसले. दुकानातील मोठ्या मॉनिटरवर मात्र ठराविक अंतराने उभे पट्टे उमटले. मालक म्हणाले, “हे तर ठिगळ लावल्यावाणी दिसून राहिलं.” कापडाच्या व्यापाऱ्याला शिवण लगेच दिसते! गिंप या चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेटने टाइल अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवली, तेव्हा कडा मधोमध आल्या आणि दोष कळला : धागे नीट जुळत होते, पण फोटो काढताना प्रकाश एका बाजूने पडल्याने डावी कड उजवीपेक्षा उजळ होती. जोडावर क्लोन टूल (चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणारे साधन) फिरवून हा दोष जात नाही. आधी संपूर्ण टाइलचा उजेड सारखा करावा लागतो. तेव्हापासून कोणतीही टाइल डाउनलोड केली की ती मोठ्या कॅनव्हासवर भरून, झूम 25 टक्क्यांवर आणून मी पाहते. एखादी गाठ किंवा डाग पुन्हा पुन्हा डोळ्यांत भरला, तर कडा कितीही जुळोत, ती टाइल निरुपयोगी.

परवान्याबाबत ‘मोफत’ या शब्दावर विसंबू नये. लिननच्या त्या साइटवर व्यावसायिक वापरासाठी पैसे लागतील, हे वेगळ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते. हीरो पॅटर्न्स सीसी बाय 4.0 परवान्याखाली आहेत. व्यावसायिक वापर चालतो, श्रेय मात्र द्यावे लागते. पानाच्या तळाशी ती ओळ मी टाकली, आणि मालकांच्या आग्रहावरून मराठीतच टाकली.