‘सगळ्या औषधांची पिशवी घेऊन या’ : गर्भधारणापूर्व औषध-सल्ला सेवेचा अनुभव

पुण्यातील एका खासगी रुग्णालयात दर गुरुवारी दुपारी चालणाऱ्या गर्भधारणापूर्व औषध-सल्ला सेवेचा लाभ मी पहिल्या भेटीपासून बाळंतपणापर्यंत सुमारे सव्वा वर्ष घेतला. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे रुग्णालयाचे नाव देत नाही. आपल्या गावात अशी सेवा शोधणारीला तिच्यात काय पाहावे हे कळले तरी पुरे.

माझे वय तेव्हा 34 होते. चार वर्षांपासून बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि त्याआधीपासून थायरॉइडसाठी थायरॉक्सिन सुरू होते. टेल्मिसार्टन लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी मूल हवे आहे का, हा प्रश्न चार वर्षांत एकदाही विचारला नव्हता आणि मलाही तो विषय काढण्याचे सुचले नव्हते. गोळी एरवी उत्तम आहे. परंतु गर्भारपणाच्या मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत ती बाळाच्या मूत्रपिंडांचे काम मंदावते, आणि गर्भजल त्या काळात मुख्यतः बाळाच्या लघवीपासूनच तयार होत असल्यामुळे ते कमी होऊन फुप्फुसांची वाढही खुंटू शकते. हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तेही योगायोगाने, कळले.

भेटीची वेळ ठरवताना फोनवरील परिचारिकेने एकच सूचना दिली : घरात असलेल्या आणि तुम्ही कधीही घेता अशा सगळ्या औषधांची पिशवी घेऊन या, केवळ चिठ्ठ्या नकोत. त्या पिशवीतून टेबलावर जे ओतले गेले ते पाहून मी स्वतःच ओशाळले. नेहमीच्या दोन पट्ट्यांखेरीज डोकेदुखीची अर्धी संपलेली पट्टी होती, जावेने सुचवलेले मुरुमांचे मलम होते आणि सासूबाईंनी प्रेमाने दिलेले अश्वगंधा चूर्णही होते. डॉक्टरांनी पन्नास मिनिटे प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली. शुल्क 1,200 रुपये होते. मला ते महाग वाटले नाही.

या सेवेचे खरे मोल मला ‘हे बंद करा’ या सल्ल्यापेक्षा ‘हे बंद करू नका’ या सल्ल्यात जाणवले. बीपीची गोळी आपल्या मनाने थांबवली तर वाढलेल्या दाबामुळे बाळाची वाढ खुंटणे, वार वेळेआधी सुटणे आणि प्रीएक्लॅम्पसिया (गर्भारपणात दाब वाढून इतर अवयवांनाही इजा करणारा आजार) हे धोके समोर उभे राहतात, म्हणून टेल्मिसार्टनच्या जागी लॅबेटालॉल सुरू करून, दाब स्थिरावल्यानंतरच प्रयत्न करण्यास सांगण्यात आले. (लॅबेटालॉलने सुरुवातीला डोक्याच्या त्वचेला मुंग्या येतात, हे आधी सांगितले नसते तर मी ती गोळी तिसऱ्याच दिवशी सोडली असती.) थायरॉक्सिनच्या बाबतीत तर माझी समजूत अगदी उलटी होती. बाळाची थायरॉइड ग्रंथी पहिले काही महिने पुरेसे काम करत नसल्यामुळे ते आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डोस कमी न करता आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्याव्यात आणि दर चार आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासावे, असे लेखी मिळाले. लोह आणि कॅल्शियम या गोळीपासून किमान चार तास दूर ठेवायचे असल्यामुळे माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर रेल्वेसारखे वेळापत्रक लागले होते.

गर्भारपणातील धोक्यानुसार औषधांना ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरे देणारी यादी मी मोबाइलवर शोधून नेली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1979 मध्ये आणलेली ही वर्गवारी 2015 पासून मोडीत काढली, कारण एका अक्षराला धोक्याचे प्रमाण, गर्भाचे वय आणि आजार तसाच सोडण्याचा धोका यांतले काहीच सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी समजावले. मळमळीसाठी डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिनची गोळी घेण्यास मी का-कू केली, तेव्हा त्यांनी तिचा इतिहास सांगितला : व्यंगाचा पुरावा नसतानाही खटल्यांच्या भडिमारामुळे ही गोळी अमेरिकेत 1983 मध्ये कंपनीने बाजारातून काढून घेतली आणि 2013 मध्ये तेच मिश्रण पुन्हा मान्य झाले. गर्भारपणात घेतल्यामुळे बाळांमध्ये व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइडची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, ही नसते.

डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याच्या कागदावर टाळायच्या औषधांची यादीही होती; तिचा उपयोग सातव्या महिन्यात झाला. कंबर धरल्यामुळे पतींनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणली. दुकानदाराने चिठ्ठी विचारली नाही, की कोणासाठी हेही विचारले नाही. पट्टीवर पॅरासिटामॉलच्या शेजारी बारीक अक्षरांत आयबुप्रोफेन होते. विसाव्या आठवड्यानंतर हे औषधही गर्भजल कमी करू शकते आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद करू शकते, हे यादीत नावासह असल्यामुळे ती पट्टी तशीच परत गेली आणि साधे पॅरासिटामॉल आले.

आता तक्रारी. आठवड्यातून एकच दिवस असल्यामुळे पहिली वेळ मिळण्यास सहा आठवडे लागले, आणि या काळात दिवस राहिले असते तर काय करायचे हे कोणी सांगितले नाही. फोनवरील शंकेचे उत्तर दोन दिवसांनी येते. लेखी सल्ला इंग्रजीत असतो. सासूबाईंसाठी मला तो मराठीत उतरवावा लागला, आणि गोळ्यांची वेळ पाळण्याचे अर्धे काम त्याच करत होत्या.

सर्वांत मोठी उणीव ही की तो कागद बाळंतपणापाशी संपतो. रुग्णालयातून घरी सोडताना माझ्या चिठ्ठीवर एनालाप्रिल होते. टेल्मिसार्टनच्या जवळच्या गटातले हे नाव दिसताच मी ती गोळी दीड दिवस घेतली नाही, आणि दाब 160 च्या वर गेला. गर्भारपणात टाळायचे हे औषध बाळंतपणानंतर अंगावर पाजत असतानाही चालते, हे एक वाक्य त्या कागदाच्या तळाशी हवे होते. मी तसे लेखी कळवले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.