कोंडाळे न करणारा संघ आणि ‘ऑल-22’ची फिल्म : एनएफएल प्लस प्रीमियमचा एक हंगाम

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक चाल संपली की आक्रमक संघाचे अकराही खेळाडू कोंडाळे करून उभे राहतात, क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार, जो चेंडू फेकतो) पुढची चाल सांगतो आणि मग सगळे आपापल्या जागी जातात. या कोंडाळ्याला हडल म्हणतात. आमच्या व्हर्जिनियातल्या ॲशबर्न गावी ज्यांचे सराव केंद्र आहे, त्या वॉशिंग्टन कमांडर्सनी 2024 च्या हंगामात निम्म्याहून अधिक चालींत हे कोंडाळे केलेच नाही, आणि त्या बाबतीत ते एनएफएल या साऱ्या व्यावसायिक लीगमध्ये पहिले होते. आदल्या वर्षी 4 विजय आणि 13 पराभव असा हिशेब असलेला संघ त्या वर्षी 12 सामने जिंकून थेट एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एका गटाच्या) अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेव्हापासून आमच्या घरी एक वाद सुरू आहे. माझ्या सोळा वर्षांच्या मुलाचे म्हणणे एका वाक्यात मावते : “बाबा, एवढं चालतंय तर ते मध्येमध्ये थांबतातच कशाला?” माझे म्हणणे असे की नुसत्या घाईने सामने जिंकता येत नाहीत. तावातावाने बोलण्यापेक्षा पुरावा पाहावा, म्हणून आम्ही लीगच्या स्वतःच्या एनएफएल प्लस सेवेचा प्रीमियम स्तर घेतला. हे परीक्षण त्या सेवेचे आहे, पण तिला मी एकाच प्रश्नावर तपासले आहे : एखाद्या संघाने हडल न करता, वेगाने खेळण्याचे प्रमाण वाढवावे की नाही, हे ठरवायला तिचा कितपत उपयोग होतो?

एनएफएल प्लस 2022 मध्ये सुरू झाले. प्रीमियम स्तराचे शुल्क तेव्हा महिन्याला 9.99 डॉलर होते आणि पुढच्याच वर्षी ते 14.99 झाले. झालेला सामना या स्तरावर तीन रूपांत पाहता येतो : जाहिराती वगळलेला पूर्ण सामना, पाऊण तासात आटोपणारी संक्षिप्त आवृत्ती आणि प्रशिक्षक पाहतात ती ‘ऑल-22’ची फिल्म. थेट प्रक्षेपण, रेडझोन वाहिनी वगैरे गोष्टींचा आमच्या प्रश्नाशी संबंध नसल्याने त्या मी बाजूला ठेवतो.

संक्षिप्त आवृत्ती सोयीची आहे यात शंका नाही. रविवारचा सामना सोमवारी सकाळी पोहे खाता खाता संपतो. मात्र वेगाचा विचार करणाऱ्याने तिच्यापासून दूरच राहावे. दोन चालींमधला सगळा काळ त्यात कापलेला असल्यामुळे लीगमधला सर्वांत संथ संघही त्यात वाऱ्यासारखा पळताना दिसतो. मुलाने आपले निम्मे मत याच आवृत्तीवर बनवले होते, हे आमच्या दुसऱ्या आठवड्यात उघड झाले. ज्या सामन्याला तो “सगळा नो-हडल” म्हणत होता, तोच सामना पूर्ण स्वरूपात लावला तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत दोनदा कोंडाळे दिसले आणि तो काही न बोलता फ्रीजकडे गेला.

खरी मौज ‘ऑल-22’मध्ये आहे. ही फिल्म एके काळी फक्त संघांच्या हाती असे. लीगने ती 2012 मध्ये वर्गणीदारांना खुली केली. कॅमेरा उंचावर असतो आणि मैदानावरचे बावीसही खेळाडू एकाच चौकटीत दिसतात. प्रत्येक चाल आधी साइडलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या बाजूने आणि लगेच पुन्हा एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या मागून दाखवली जाते. समालोचन नाही, प्रेक्षकांचा आवाज नाही, रेषाही कोणी काढून देत नाही. पहिल्या दिवशी हे फार कोरडे वाटते, पण तिसऱ्या दिवशी टीव्हीवरचे प्रक्षेपण अपुरे वाटू लागते, कारण तिथला कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि खेळ तर बहुतेक वेळा चेंडूपासून दूर ठरलेला असतो. 27 ऑक्टोबर 2024 ला शिकागोविरुद्ध वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सने शेवटच्या क्षणी फेकलेला, हातांना लागून उडालेला आणि नोआ ब्राउनने एंड झोनमध्ये झेललेला तो 52 यार्डांचा टचडाउन सगळ्यांनी पाहिला आहे. त्यावर सामना 18-15 असा वॉशिंग्टनच्या बाजूने फिरला. चाल सुरू झाली तेव्हा शिकागोचा टायरीक स्टीव्हन्सन प्रेक्षकांकडे तोंड करून हातवारे करत होता, ही गोष्ट मात्र रुंद चौकटीतच नीट उमगते. (या चालीचा आमच्या वादाशी काही संबंध नाही, हे मान्य, तरी ती आम्ही चार वेळा पाहिली.)

नो-हडलचा परिणाम पाहायचा असेल तर एंड झोनच्या मागचा कोन सर्वांत बोलका. लांबलेल्या चढाईत, म्हणजे चेंडू हाती असतानाच्या सलग चालींत, बचावफळीच्या मधल्या दोन धिप्पाड गड्यांकडे पाहावे. सुरुवातीला हात जमिनीला टेकवून, पाठ सपाट ठेवून बसणारा माणूस पुढे पुढे हात गुडघ्यांवर ठेवून उभा राहतो आणि चेंडू हलल्यावर अर्ध्या पावलाने उशिरा उठतो. त्याला बाहेर काढून ताज्या दमाचा खेळाडू आणावा म्हटले, तर नियम आडवा येतो. आक्रमक संघाने खेळाडू बदलला तर पंच बचाव करणाऱ्यांनाही बदल करायला वेळ देतात. आक्रमक संघाने कोणालाच बदलले नाही, तर बचावाला तो हक्काचा वेळ मिळत नाही. म्हणजे हडल टाळण्याचा मोठा फायदा नुसत्या दमवण्यात नाही. समोरच्या अकरा जणांना मैदानावर अडकवून ठेवण्यात तो आहे. कसोटीत रवींद्र जडेजा षटक झपाझप संपवतो तेव्हा फलंदाजाला स्थिरावायला उसंत मिळत नाही. तसाच हा प्रकार, फक्त इथे दीडशे किलोंच्या माणसांना पळावे लागते.

आता या फिल्मची मर्यादा. तिची प्रत्येक चाल स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याच्या, काही क्षण आधी सुरू होते आणि खेळाडू पडला की तुटते. त्यामुळे हडल झाले की नाही, संघ रांगेत किती लवकर आला, प्रशिक्षकाकडे किती वेळ पाहत राहिला, यांपैकी काहीच तिच्यात दिसत नाही. चालीचे शरीर समोर आहे, श्वास मात्र कापून टाकला आहे. यात सेवेने कोणाला फसवलेले नाही, कारण प्रशिक्षकांना चालींची चिरफाड करायची असते आणि त्यासाठी ही फिल्म घडवलेली आहे. पण वेगाबद्दल मत बनवायला ती एकटी पुरत नाही, हे घेणाऱ्याला आधी ठाऊक असावे.

म्हणून शेवटी आम्ही जाहिरातींविना असलेला पूर्ण सामना लावला, फोनवरचे स्टॉपवॉच काढले आणि जेवणाच्या टेबलावर एक शंभर पानी वही ठेवली. एक चाल संपल्यापासून पुढचा स्नॅप होईपर्यंत सर्वसाधारणपणे 40 सेकंद मिळतात. प्रशिक्षकाला क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर बोलता येते, पण घड्याळात 15 सेकंद उरले की तो संपर्क तुटतो. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात सगळी गंमत आहे. संघ 25 सेकंद शिल्लक असतानाच रांगेत उभा राहिला, तर समोरचा बचाव कसा मांडला आहे हे पाहून प्रशिक्षक आणखी दहा सेकंद क्वार्टरबॅकच्या कानात बोलू शकतो. हडल करणारा संघ हा वेळ कोंडाळ्यातच घालवतो. टीव्हीच्या प्रक्षेपणातून हे टिपणेही सोपे नाही, कारण संघ खरोखर घाईत असला की निर्माता आधीच्या चालीचे पुनर्दर्शन दाखवून परत येईपर्यंत कधी कधी चेंडू हलून गेलेला असतो.

वही भरत गेली तसे आमच्या वादाचे मूळच चुकीचे होते हे लक्षात आले. हडल न करणे आणि वेगाने खेळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉशिंग्टनच्या आक्रमणाचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लिफ किंग्सबरी टेक्सस टेक विद्यापीठात प्रशिक्षक माइक लीच यांच्या हाताखाली क्वार्टरबॅक म्हणून घडलेले आणि डॅनियल्स लुइझियाना स्टेट विद्यापीठातून आलेला. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये कोंडाळ्याविना खेळणे सर्रास चालत असल्याने दोघांनाही ते अंगवळणी पडलेले होते. तरीही वॉशिंग्टन अनेकदा झटपट रांगेत येऊन मग शांतपणे थांबत असे. याचा उत्तम नमुना म्हणजे 26 जानेवारी 2025 चा फिलाडेल्फियाविरुद्धचा एनएफसीचा अंतिम सामना. वॉशिंग्टनची पहिलीच चढाई 18 चालींची आणि सुमारे 7 मिनिटांची होती. एवढे करून हाती फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू खांबांमधून लाथाडून मिळणारे, 3 गुण आले. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या पहिल्याच चालीत सॅक्वॉन बार्कली 60 यार्ड धावत गेला आणि टचडाउन झाला. पुढे चार वेळा चेंडू गमावून वॉशिंग्टन 55-23 असे हरले. या पराभवाचे खापर नो-हडलवर फोडता येत नाही आणि हडल केले असते तर तो टळला असता असेही नाही. चेंडू हातातून सुटायला कोंडाळे असो वा नसो, सारखेच.

याच्या उलट 23 सप्टेंबर 2024 चा सिनसिनाटीविरुद्धचा सामना पाहावा. डॅनियल्सचे 23 पैकी 21 पास पूर्ण झाले, वॉशिंग्टनने 38-33 असा विजय मिळवला आणि दोन्ही संघांपैकी कोणालाही एकदासुद्धा पंट करावा, म्हणजे चेंडू लाथाडून समोरच्या संघाला द्यावा लागला नाही. आक्रमण इतके लयीत असताना आणखी घाई कशासाठी करायची, या माझ्या प्रश्नावर मुलाकडे उत्तर नव्हते. मात्र आपल्या बचावाला 33 गुण खावे लागले, या त्याच्या शेऱ्यावर माझ्याकडेही नव्हते.

इथे जुना इतिहास आठवतो. 1990 च्या हंगामात क्वार्टरबॅक जिम केलीच्या बफेलो संघाने नो-हडलच्या जोरावर लीग हादरवून सोडली होती आणि एएफसीच्या, म्हणजे लीगच्या दुसऱ्या गटाच्या, अंतिम सामन्यात रेडर्सना 51-3 असे चिरडले होते. पुढच्याच सामन्यात, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या 25 व्या सुपर बोलमध्ये, न्यूयॉर्क जायंट्सनी 60 पैकी 40 मिनिटांहून अधिक काळ चेंडू आपल्याकडे ठेवला आणि 20-19 असा विजय मिळवला. वर्षभराने त्याच बफेलोला 37-24 असे हरवून सुपर बोल जिंकला तो वॉशिंग्टनने, आणि आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ ही गोष्ट प्रत्येक बार्बेक्यूला सांगतात. फिलाडेल्फियात मुख्य प्रशिक्षक चिप केली यांनी 2013 पासून सगळा खेळच वेगावर उभा केला. पहिली दोन वर्षे प्रत्येकी 10 विजय आणि 6 पराभव अशी गेली आणि तिसरा हंगाम संपण्याआधीच त्यांची नोकरी गेली. चेंडू आपल्याकडे ठेवण्याच्या वेळेत तो संघ लीगच्या तळाशी असे. आक्रमण दीड मिनिटात परतले की घाम न पुसलेला बचाव पुन्हा मैदानात, असे गणित होते ते.

माझे मत आता असे आहे की वॉशिंग्टनसारख्या संघाने हडल टाळण्याचे प्रमाण खुशाल वाढवावे, कारण त्यात गमावण्यासारखे फारसे नाही. 40 सेकंद वापरायचे असतील तर ते रांगेत उभे राहूनही वापरता येतात. खरा वेग मात्र मिठासारखा वापरावा : मोठी झेप मिळाल्यावर लगेच पुढच्या चालीला, बचावाचे जड खेळाडू मैदानावर अडकले असताना, किंवा पंचांच्या निर्णयाला समोरून आव्हान मिळण्याची भीती असताना. आघाडी असताना आणि आपला बचाव थकलेला असताना घाई करणे म्हणजे आपल्याच घराचे पाणी तोडणे. मुलगा यातले पहिले वाक्य मान्य करतो आणि बाकीचे ऐकून घेतो.

सेवेबद्दल सांगायचे तर ज्याला फक्त निकाल आणि रोमांच हवा आहे, त्याने प्रीमियमच्या वाटेला जाऊ नये. ज्याला चाली समजून घ्यायच्या आहेत, त्याला ‘ऑल-22’साठी एवढे पैसे देणे महाग वाटणार नाही, मात्र फिल्म आणि पूर्ण सामना दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची तयारी हवी, आणि त्यासाठी एका सामन्यामागे चार तास सहज जातात. भारतातल्या वाचकांसाठी एक सूचना : ही सेवा अमेरिकेपुरती आहे, बाहेरच्या देशांत लीगचे सामने डझोनवरच्या गेम पासमधून मिळतात, तेव्हा तिथे प्रशिक्षकांची फिल्म मिळते का हे पाहूनच पैसे भरावेत. आम्ही स्वतः वर्षाची वर्गणी न घेता सप्टेंबर ते जानेवारी असे महिन्याचे शुल्क भरणार आहोत. वहीची अजून साठ पाने कोरी आहेत.