बारा वर्षांची गाडी आणि पावणेदोन लाखांचा गिअरबॉक्स: दुरुस्त करावी की काढून टाकावी?

साखरप्याला चहा घेतला आणि आंबा घाट चढायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीने ओढणंच सोडलं. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, आरपीएमचा काटा चार हजारांवर जायचा, पण गाडी वीसच्या वर सरकेना. शेजारी वडील, मागे आई, पाठीमागे एसटीचा हॉर्न. थांबत-थांबत आंब्यापर्यंत आलो, अर्धा तास बॉनेट उघडून उभे राहिलो आणि संध्याकाळी कसंबसं कोल्हापूर गाठलं.

गाडी २०१३ची, पेट्रोल, ऑटोमॅटिक. १ लाख १२ हजार किलोमीटर झालेले. वडिलांचे गुडघे क्लच मारू देत नाहीत, म्हणून ऑटोमॅटिक घेतली होती. सर्व्हिस सेंटरने दोन दिवस ठेवून घेतली आणि एस्टिमेट दिलं: "गिअरबॉक्स गेलाय, अख्खी असेंब्लीच बदलावी लागेल, १ लाख ६८ हजार." जुन्या गाड्यांच्या एजंटाने सांगितलं, आहे त्या स्थितीत ९० हजार, चालती असती तर दोन लाख. घरात, ऑफिसात, सोसायटीत सगळ्यांचं एकच म्हणणं: दोन लाखांच्या गाडीवर पावणेदोन लाख कोण घालतं?

हा हिशेब ऐकायला बिनतोड वाटतो, पण मला तो चुकीचा वाटतो. गाडी बाजारात किती किमतीला जाते हा विकणाऱ्याचा प्रश्न आहे. ठेवणाऱ्याने वेगळं विचारायचं: ही गाडी माझं जे काम करते, तेच काम दुसऱ्या कुठल्या मार्गाने करून घ्यायला मला महिन्याला किती पडेल? आणि त्याच्याही आधी विचारायचं, गिअरबॉक्स गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

आधी दुखणं कळू द्या

"गिअरबॉक्स गेला" हे निदान नव्हे. त्या दोन शब्दांत दोन-तीन हजारांपासून दोन लाखांपर्यंत काहीही असू शकतं.

मॅन्युअल गाडी असेल तर बहुतेक वेळा गिअरबॉक्सचा दोषच नसतो, क्लच संपलेला असतो. चढावर इंजिन वर जातं पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो, पेडल अगदी वर आल्यावर क्लच धरतो. अशा वेळी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो आणि त्याची मजुरी एकदाच द्यायची असते. ऑइल सीलही त्याच वेळी बघून घ्या. हा जुन्या गाडीचा नेहमीचा खर्च आहे, त्यासाठी कुणी गाडी काढून टाकू नये. आवाज येत असेल तर घरीच एक गोष्ट करून बघा. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि क्लच दाबा. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर संशय रिलीज बेअरिंगवर, दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टच्या बेअरिंगवर. एखादाच गिअर टाकताना खर्रकन वाजत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर अलगद जुळवणारी कडी) झिजली असण्याची शक्यता जास्त. मग मात्र गिअरबॉक्स उघडावा लागतो. पण कोल्हापूरसारख्या गावात, जिथे उद्यमनगरात पिढ्यानपिढ्या लेथ आणि शाफ्टचंच काम चालतं, तिथे मॅन्युअल गिअरबॉक्स उघडणारा हात शोधायला लांब जावं लागत नाही.

एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सवरच बसवलेली ऑटोमॅटिक, वेगळी. २०१४ साली सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे आली, म्हणजे पहिल्या खेपेच्या गाड्या आता दहा वर्षांच्या पुढे गेल्या. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं एक यंत्रणा करते, तिला अॅक्च्युएटर म्हणतात. बिघडतो तो बहुधा क्लच, नाहीतर हा अॅक्च्युएटर. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर क्लच फार लवकर जळतो. नवा क्लच बसवल्यावर स्कॅनर (गाडीचा संगणक वाचणारं यंत्र) लावून गाडीच्या संगणकाला तो शिकवावा लागतो. ज्या गॅरेजमध्ये ते करता येत नाही तिथे एएमटी देऊ नका.

टॉर्क कन्व्हर्टरच्या (तेलातून इंजिनचा जोर पुढे देणाऱ्या) जुन्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे आमच्यासारख्या गाडीत, तेल हेच रक्त. तेल कमी झालं, जळालं किंवा ते हव्या त्या वाटेने वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतला एखादा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) अडकला तरी बाहेरून लक्षण एकच दिसतं: झटके आणि घसरणं. सीव्हीटी या ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो. पट्ट्याने पुलीला ओरखडे पाडले की छोटी दुरुस्ती जवळपास संपते, असेंब्लीच घ्यावी लागते. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचबरोबर गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक युनिटही महागडं असतं.

आणि कधीकधी गिअरबॉक्स बिचारा निर्दोष असतो. इंजिन माउंट (इंजिन ज्यावर टेकतं ती रबरी बैठक) तुटलं तरी गिअर बदलताना धक्का बसतो. स्पीड सेन्सर गेला किंवा बॅटरी कमजोर झाली तरी ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकून पडू शकते. पार्किंगमधून लिव्हर हलेनासा झाला तर आधी मागचा ब्रेक लाइट लागतो का बघा. पुष्कळ गाड्यांत ब्रेक दाबल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय लिव्हर सुटतच नाही आणि तो सिग्नल देणारा स्विच अगदी स्वस्तात मिळतो.

आमच्या गाडीचं सांगतो. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गाडी वर घेतली, ड्रेन प्लग सैल केला आणि तेलाचे चार थेंब पांढऱ्या कागदावर पाडले. हे तेल मुळात लालभडक असतं. आमचं कोऱ्या चहासारखं झालेलं. त्यांनी ते अंगठ्यावर चोळलं, वास घेतला, मग प्लगवरचं लोहचुंबक पुसून मला दाखवलं. बोटाला काजळासारखा करडा लेप लागला. "कण न्हाईत बघा. चकाकी दिसली असती तर मीच म्हटलं असतं, गाडी काढून टाका." स्कॅनरवर एका सोलेनॉइडचा कोड आला. व्हॉल्व्ह बॉडी उतरवून साफ केली, सोलेनॉइड बदलला, फिल्टर आणि कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं तेल टाकलं. बिल ४१,५०० रुपये. त्याला आता १४ महिने झाले आणि गाडी १६ हजार किलोमीटर फिरली. महिन्याला तीन हजारांच्या आत पडलं.

आता दोन्ही बाजूंचे आकडे

समजा स्वस्तातली दुरुस्ती मिळाली नाही आणि १ लाख ६८ हजारांचंच एस्टिमेट खरं निघालं. तरी शेजारी नवी गाडी ठेवून बघा. ६ लाख ७० हजार शोरूम किमतीची पेट्रोल गाडी घेतली तर महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर, म्हणजे जवळजवळ ७४ हजार कर. विमा, नोंदणी धरून रस्त्यावर यायला आठ लाखांच्या आसपास. दोन लाख हातचे आणि ६ लाखांचं कर्ज, ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी, तर हप्ता १२,४५५ रुपये. पाच वर्षांत व्याजच १ लाख ४७ हजार.

हप्त्याची आणि दुरुस्तीची सरळ तुलना करणंही बरोबर नाही, कारण पाच वर्षांनी नव्या गाडीला किंमत उरते. ती निम्मी धरू, चार लाख. म्हणजे चार लाख घसारा अधिक व्याज, साडेपाच लाखांच्या घरात. महिन्याला साधारण नऊ हजार. वरचा विम्याचा फरक वेगळाच. पावणेदोन लाखांची दुरुस्ती केलेली जुनी गाडी दीड-दोन वर्षं इतर मोठ्या खर्चाशिवाय चालली तर ती त्या नऊ हजारांच्या बरोबरीला येते. तीन वर्षं चालली तर दुरुस्तीचा भार महिन्याला पाच हजारांच्या खाली जातो. जुन्या गाडीची किरकोळ कामं, टायर, सस्पेन्शन, यांचे दोन हजार धरले तरी ती पुढेच राहते.

इथे खरी मेख "चालली तर" या दोन शब्दांत आहे. म्हणून गिअरबॉक्सवर पैसे टाकण्याआधी बाकीची गाडी तपासून घ्या: इंजिनचं कॉम्प्रेशन, तेल पिते का, दाराखालचा आणि चाकांच्या कमानींचा गंज, एसीचा कॉम्प्रेसर. गिअरबॉक्स नवा आणि पत्रा कुजलेला, असा सौदा कधीच परवडत नाही.

वयाची भीतीही तपासून घ्यावी. १० वर्षांनी डिझेल आणि १५ वर्षांनी पेट्रोल गाडी बंद, हा दिल्ली परिसरासाठी काढलेला नियम. तो महाराष्ट्राला लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५ हजार झाली आणि त्यावर पर्यावरण कर भरावा लागतो. खर्च आहे, पण गाडी भंगारात घालायचं कारण नाही. १३-१४ वर्षांच्या गाडीवर मोठी रक्कम घालणाऱ्याने एवढं मात्र मनात धरावं की ही तपासणी तिला पार करायची आहे.

जिथे दुरुस्ती हरते

सांगलीच्या आमच्या दाजींची गाडी सीव्हीटीची सेडान. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात ती सीटपर्यंत पाण्यात होती. धुऊन, तेलं बदलून ती चार वर्षं चालली. मग थरथर सुरू झाली, सिग्नलवरून उठताना गाडी हिवतापासारखी कापायची. मिस्त्रींनी उघडून दाखवलं, पुलीवर ओरखडे होते. असेंब्लीचा खर्च सव्वादोन लाख सांगितला. तरी ताईचा जीव गाडीत अडकलेला, पहिली स्वतःच्या पगाराची गाडी होती ती. पण वायरिंग वर्षात तीनदा जळलं होतं आणि सीटखालचा पत्रा हाताने दाबला तर पापडासारखा मोडत होता. तिथे मीच सांगितलं, ताई, आता नको. त्यांनी ७० हजारांना ती दिली. माझ्या मते तोच निर्णय बरोबर होता.

दुसरा एक प्रकार आहे, तिथेही मी थांबायला सांगेन: दोन वर्षांत तोच गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उघडायची वेळ येणं. आणि तिसरा, घरात डायलिसिसला, केमोला नियमित न्यायचं माणूस असेल तर. तिथे आकड्यांपेक्षा गाडी सकाळी हमखास निघणं मोठं. तेव्हा कर्ज काढावं लागलं तरी काढा.

विम्याच्या भरवशावर राहू नका. झिजून किंवा आपोआप बिघडलेल्या गिअरबॉक्सचे पैसे साधी मोटर पॉलिसी देत नाही.

सेकंडहँडचा मधला रस्ता

आपली गाडी विकून चार लाखांत सहा-सात वर्षांची दुसरी घ्यावी, हा सल्ला फार जण देतात. मला तो सगळ्यात जोखमीचा वाटतो. आपल्या गाडीचं दुखणं निदान आपल्याला माहीत असतं. दुसऱ्याची ऑटोमॅटिक घेताना त्याने तेल कधी बदललं तेही कळत नाही. घ्यायचीच तर गार गाडीवर एक चक्कर मारून पैसे देऊ नका. अर्धा तास चालवून गरम करा, मग चढावर पूर्ण थांबवून उचला, रिव्हर्समध्येही चढवा. कोल्हापूर-सांगलीची गाडी असेल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. २०१९ किंवा २०२१च्या पुराची गाळाची रेघ पट्ट्यावर बऱ्याचदा राहून जाते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का तेही बघा.

आणि तुमची गाडी विकताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून मोकळे होऊ नका. आरसी नव्या माणसाच्या नावावर झाल्याचं स्वतः तपासा, नाहीतर अपघाताची नोटीस तुमच्या दारात येते. गाडी खरोखर संपली असेल तर सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या. तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

दुरुस्त करायचं ठरलं तर

असेंब्ली म्हटलं की नवीच, असं नाही. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात अपघातग्रस्त गाड्यांचे वापरलेले गिअरबॉक्स मिळतात, नव्याच्या कितीतरी कमी किमतीत. मॅन्युअलसाठी मी तो मार्ग घेईन. ऑटोमॅटिकसाठी विकणारा लेखी मुदत देत असेल तरच, कारण बसवण्याची मजुरी दोनदा गेली की स्वस्ताई संपली. आपलाच गिअरबॉक्स पूर्ण उघडून बांधून घ्यायचा असेल तर जुने काढलेले भाग परत मागून घ्या आणि बिलावर प्रत्येक भागाचं नाव, तेलाचा ग्रेड, किलोमीटर आणि किती महिन्यांची जबाबदारी हे लिहून घ्या. तोंडी "काय झालं तर या, मी आहे की" यावर मोठी रक्कम सोडू नका.

आमच्या मिस्त्रींना मी तीस हजार आधी दिले होते. उरलेले घाट चढून आल्यावर देतो म्हटलं, ते लगेच हो म्हणाले आणि स्वतः स्कॅनर घेऊन सोबत बसले. साखरप्यापर्यंत उतरलो, तिथून वळलो. त्याच वळणावर काटा अडीच हजारांवर थांबला आणि गाडीने तिसरा गिअर अलगद घेतला.