घोषणा आधी कुठे : सभागृहात, पटलावर की कॅमेऱ्यासमोर?

अधिवेशन चालू असताना मंत्रिमंडळाने मोठा निर्णय घेतला, तर मंत्र्यांच्या कार्यालयापुढे तीन वाटा असतात. सभागृहात तोंडी निवेदन करायचं, लेखी निवेदन पटलावर ठेवायचं, किंवा आधी पत्रकारांना बोलावून सभागृहाला मागाहून कळवायचं. यातली तिसरी वाट सोयीची वाटते, म्हणूनच तिच्यावर गर्दी असते. अधिवेशन चालू असताना धोरणाची घोषणा बाहेर केली तर तो आपल्याकडे सहसा हक्कभंग (सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग) ठरत नाही, औचित्यभंग, म्हणजे संकेत मोडणं, मात्र मानला जातो. म्हणजे विरोधकांचा गोंधळ होतो, शिक्षा होत नाही.

तोंडी निवेदन सर्वांत वजनदार, पण दिल्लीत आणि लंडनमध्ये त्याचं वजन सारखं नाही. लोकसभेच्या नियम ३७२ प्रमाणे अध्यक्षांच्या संमतीने मंत्री निवेदन करतात आणि त्या वेळी प्रश्न विचारता येत नाहीत. राज्यसभेचा नियम २५१ हेच सांगतो, पण तिथे स्पष्टीकरणं मागण्याची प्रथा रुजली आहे. लंडनच्या कॉमन्स सभागृहात (ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) मंत्री साधारण १० मिनिटं बोलतात, मुख्य विरोधी पक्षाला ५ मिनिटं मिळतात आणि मग सुमारे तासभर मागच्या बाकांवरून प्रश्न येतात. निवेदनाच्या १५ प्रती किमान ४५ मिनिटं आधी सरकारी मुख्य प्रतोदांच्या कार्यालयात पोचाव्यात, इतका तपशील तिथल्या मंत्र्यांच्या आचारसंहितेत आहे. ५ फेब्रुवारी २०२० ला पंतप्रधानांनी अयोध्येच्या मंदिर न्यासाची घोषणा लोकसभेत केली. जागा योग्य होती, पण नियमामुळे तिथल्या तिथे प्रश्नाला वाव नव्हता.

लेखी निवेदन तपशिलासाठी उत्तम : आकडेवारी, अहवाल स्वीकारल्याची नोंद, मुदतवाढ. वादाचा विषय मात्र त्यात दडपू नये. ब्रिटनमध्ये सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी अशा निवेदनांचा ढीग पडतो, आणि पत्रकार त्या ढिगातच बातमी शोधत बसतात.

आता कॅमेरा. गुप्तता खरोखर लागते तिथे त्याला पर्याय नसतो. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आधी सभागृहात सांगणं शक्यच नव्हतं, शिवाय अधिवेशन १६ तारखेला सुरू होणार होतं. पण घोषणा झाली की गुप्ततेचं कारण तिथेच संपतं, म्हणून पहिल्या बैठकीतच सविस्तर निवेदन व्हायला हवं. कृषी कायदे मागे घेण्याची गोष्ट वेगळी. घोषणा दूरचित्रवाणीवर १९ नोव्हेंबर २०२१ ला झाली, अधिवेशन २९ ला भरलं आणि विधेयक त्याच दिवशी चर्चेविना मंजूर झालं. दहा दिवस थांबल्याने असं काय बिघडलं असतं?

ब्रिटनमध्येही ‘घोषणा आधी सभागृहात’ हा नियम रोज पाळला जातो असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी कर्जाच्या नियमांतला बदल वॉशिंग्टनमध्ये सांगितला, तेव्हा सभापती लिंडसे हॉइल यांनी जाहीर नापसंती दाखवली. पण त्यांच्या हातात एक खरं हत्यार आहे. सभापतींनी तातडीचा प्रश्न मान्य केला की खात्याला त्याच दिवशी सभागृहात उत्तर द्यावंच लागतं. आपल्याकडे अल्पसूचना प्रश्नाला, म्हणजे नेहमीपेक्षा कमी मुदतीत विचारलेल्या तातडीच्या प्रश्नाला, मंत्र्यांची संमती लागते. आमच्या मते नियमात सुधारणा करायची असेल, तर ती इथून सुरू करावी.

फसगत होते ती वेळापत्रकात. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास ११ ते १२, राज्यसभेत १२ ते १. मंत्र्यांनी लोकसभेत १२ ला निवेदन केलं, तर राज्यसभेला ते मोबाइलवर आधी कळतं. उपाय सोपा आहे : दोन्ही पीठासीन अधिकाऱ्यांशी (लोकसभेचे अध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती) आदल्या दिवशी वेळ ठरवावी आणि दुसऱ्या सभागृहात राज्यमंत्र्यांना उभं करावं. शेअर बाजारावर परिणाम होणार असेल तर वेळ दुपारी ३.३० नंतरची मागावी, बाजार तेव्हा बंद होतो.

प्रसिद्धिपत्रकावर ‘१२ वाजेपर्यंत प्रसिद्ध करू नये’ असं लिहू नये. गोंधळात कामकाज तहकूब झालं तर १२ वाजतात, निवेदन होत नाही आणि बातमी मात्र सुटते. ‘मंत्र्यांनी निवेदन सुरू केल्यावर’ असं लिहावं. ट्वीटही वेळ लावून ठेवू नये, सभागृहात बसलेल्या माणसाच्या इशाऱ्यावर सोडावं. १८ जून २०१९ ला महाराष्ट्राचा अर्थसंकल्प सादर होत असताना त्याची चित्रफलकं (इन्फोग्राफिक्स) ट्विटरवर आधीच आल्याचा आरोप करून विरोधकांनी सभात्याग केला. भाषण सुरू झाल्यावरच ती टाकली, असं अर्थमंत्र्यांचं म्हणणं होतं. पहिलं ट्वीट किती वाजता आणि तेव्हा भाषण कोणत्या पानावर होतं, याची लेखी नोंद ठेवली की असा वाद पाच मिनिटांत मिटतो.