टूनाचा डबा: तेलातला की पाण्यातला?

अमेरिकेतल्या दुकानात टूनाचे, म्हणजे आपल्या कुप्याचे, दोन डबे शेजारी मांडलेले असतात. मासा तोच, एकात तेल, दुसऱ्यात पाणी. आयात शुल्कात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

सवलतीचा करार नसलेल्या देशातून आलेल्या तेलातल्या डब्यावर मूळ शुल्क थेट 35 टक्के. (अलीकडचे जादा कर वेगळेच.) पाण्यातल्याला कोटा आहे: आदल्या वर्षी अमेरिकेत जेवढा डबाबंद टूना खपला, त्याच्या 4.8 टक्क्यांपर्यंत 6 टक्के, त्यापुढे 12.5. कोट्यासाठी वर्षारंभीच झुंबड उडते, त्यामुळे बऱ्याच मालाला वरचाच दर लागतो. तरी तेलाच्या मानाने तो परवडतो. चवीला तेलातला सरस, पण आयातदार जीभ नव्हे, दरपत्रक बघतो.

खरी मेख तिसरीकडेच आहे. शिजवून साफ केलेले टूनाचे गोठवलेले तुकडे 6.8 किलोंहून मोठ्या पाकिटात आणले, तर शुल्क किलोमागे जेमतेम 1.1 सेंट! डब्यात भरायचं काम तेवढं अमेरिकेत. चिकन ऑफ द सी या डबाबंद टूनाच्या कंपनीने 2009 मध्ये अमेरिकन समोआतला (पॅसिफिकमधली अमेरिकेच्या ताब्यातली बेटं) कारखाना बंद करून जॉर्जिया राज्यात नवा थाटला, तो अशाच आयात तुकड्यांवर चालणारा. मग त्यात तेल घाला नाहीतर पाणी, 35 टक्क्यांचा प्रश्नच मिटतो.