सॉकेट एकच, मॉनिटर वेगळे: आठ महिने आरजीबीटूएचडीएमआय वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यात माझा अंबर मॉनिटर जळला, म्हणून आरजीबीटूएचडीएमआय हा कन्व्हर्टर घेतला; जुन्या संगणकाचं चित्र तो एचडीएमआयच्या टीव्हीवर आणतो. पण आधी मॉनिटर का जळला ते सांगतो. माझ्या जुन्या आयबीएम एक्सटी संगणकातलं हर्क्युलिस हे एकरंगी चित्राचं कार्ड काढून सीजीए हे रंगीत कार्ड लावलं आणि केबल तशीच ठेवली. एमडीए, हर्क्युलिस, सीजीए, ईजीए, त्या काळच्या सगळ्या चित्र-कार्डांना तेच नऊ पिनांचं सॉकेट! चुकीची जोडी लावताना अडवणारं काहीच नाही. मॉनिटरला ओळी आखायला हवेत १८.४ किलोहर्ट्झ (सेकंदाला १८,४०० ओळी), कार्डाने दिले १५.७. बारीक शिट्टी, मग जळका वास, आणि ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला उच्च दाब देणारा ट्रान्सफॉर्मर, गेली. आयबीएमच्या ५१५१ सारख्या मॉनिटरमध्ये ओळींचा ठेका स्वतः धरणारा होरिझाँटल ऑसिलेटरच नसतो, सगळी भिस्त कार्डाकडून येणाऱ्या ठेक्यावर, म्हणजे सिंकवर. १९८१ साली एवढं महाग यंत्र काढताना निदान सॉकेट तरी वेगळं द्यायचं. हा राग अजून गेलेला नाही.

मग एका दुकानदाराने कार्ड एलसीडीच्या व्हीजीए सॉकेटला जोडायचा नऊ-ते-पंधरा पिनांचा अडॅप्टर ३५० रुपयांना गळ्यात मारला. उघडून मीटर लावला, तर आत नुसत्या तारा. कार्डाचा सिग्नल ५ व्होल्टचा, व्हीजीएचा रंग ०.७ व्होल्टचा. लावला असता तर एलसीडीही धोक्यात. पैसे परत मिळाले नाहीत.

कन्व्हर्टरचे साडेपाच हजार मला जिवावर आले होते. आत रास्पबेरी पाय झिरो हा छोटा संगणक. पहिला महिना पश्चात्तापच झाला, कारण अक्षरं थरथरायची, एमचा मधला पाय कधी दिसे, कधी नाही. इथे मत बदललं. मेन्यूत हर्क्युलिससाठी एका ओळीचे पिक्सेल ८८२ केले (दिसतात त्यातले ७२०), सॅम्पलिंग फेज, म्हणजे प्रत्येक पिक्सेल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा ते, एकेक पायरी सरकवली, आणि अक्षरं कोरल्यासारखी उभी राहिली. जुन्या मॉनिटरवरही एवढी स्वच्छ नव्हती.

एक मात्र पाळा. टीव्हीचा प्लग दोन पिनांचा असेल तर त्याच्या धातूला बोट लावल्यावर मुंग्या येतात. केबल जोडताना तोच करंट कार्डात उतरू शकतो. दोन्ही यंत्रं बंद, प्लग काढलेले, केबल आधी, वीज नंतर. संगणकाला अर्थिंग हवंच.

अंबर मॉनिटर मी उघडलेला नाही, पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. त्याची ईएचटी शोधतोय. तोवर प्रत्येक कार्डाच्या पट्टीवर आणि केबलवर पांढरी चिकटपट्टी लावून किलोहर्ट्झचा आकडा लिहून ठेवलाय.